फॉन झेंगर: कॅसिनोचा जर्मन जनरल, त्याची मेडलं आणि माझे काही प्रश्न

ऋतुजा_वाई

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. घरात त्यांचं डिस्चार्ज बुक, तीन मेडलं आणि एक पुसट झालेला फोटो एवढंच आहे. आजी म्हणते, ते ‘कॅशिनो’ला होते, म्हणजे मोंते कॅसिनो, इटलीतला मठ असलेला डोंगर. त्या निमित्ताने वाचायला घेतलं आणि समोरच्या बाजूच्या जर्मन जनरलवर येऊन थांबले: फ्रिडोलिन फॉन झेंगर उंट एटरलिन. १४ व्या पान्झर कोअरचा प्रमुख (पान्झर म्हणजे रणगाड्यांची फौज, कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी फौज).

त्याच्या फोटोत गळ्यात एक क्रॉस आहे, खिशावर आणखी एक. हा गळ्यातला क्रॉस म्हणजे त्यांचं परमवीर चक्र समजायचं का? त्याला कुठलं मेडल कुठल्या लढाईसाठी मिळालं? आणि काही ठिकाणी त्याला ‘चांगला जर्मन’ म्हटलंय: ऑक्सफर्डला शिकलेला, देवभक्त, हिटलरबद्दल मनातून तिरस्कार असलेला. हे खरं धरायचं का? शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पणजोबा याच माणसाच्या फौजेशी लढले का? कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर सांगा, घाई नाही.

रिबनवाला_कॅम्प

ऋतुजा, पुण्यात कॅम्पात आमचं मेडल माउंटिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. रोज कुणा ना कुणा फौजी माणसाची मेडलं हातात येतात. रिबन बदलायची, क्रम लावायचा, बारवर बसवायची. या कामात एक सवय लागते. मेडल पाहिलं की आधी तीन गोष्टी विचारायच्या: कधी मिळालं, तेव्हा हुद्दा काय होता आणि कशाबद्दल मिळालं. झेंगरला हेच तीन प्रश्न लावले तर तुझी बरीच उत्तरं मिळतील.

आधी गळ्यातला क्रॉस. त्याला ‘नाइट्स क्रॉस’ म्हणतात. परमवीर चक्राशी त्याची बरोबरी करू नकोस. परमवीर चक्र स्वातंत्र्यानंतर आजवर २१ जणांना मिळालं. नाइट्स क्रॉस १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झाला आणि पुढच्या पावणेसहा वर्षांत सात हजारांवर लोकांच्या गळ्यात पडला. आपल्याकडे शौर्य आणि सेवा यांच्या रांगा वेगळ्या असतात. शत्रूसमोर स्वतः जिवावर उदार होऊन काही केलं तर वीर चक्र, महावीर चक्र, परमवीर चक्र. मोठी फौज नीट चालवली तर युद्ध सेवा मेडल, उत्तम युद्ध सेवा मेडल. जर्मनांकडे लढाईतल्या कामगिरीसाठी मुख्य शिडी एकच होती आणि शिपायापासून फील्ड मार्शलपर्यंत सगळे त्याच शिडीने वर जायचे. आधी आयर्न क्रॉस दुसरा वर्ग, मग पहिला वर्ग, मग नाइट्स क्रॉस. त्यावर ओकची पानं, पानांवर तलवारी, तलवारींवर हिरे. खालची पायरी घेतल्याशिवाय वरची मिळत नसे. एखाद्या कॉर्पोरलने हातबॉम्ब घेऊन रणगाडे उडवले तरी नाइट्स क्रॉस आणि एखाद्या जनरलच्या डिव्हिजनने आघाडी धरून ठेवली तरी तोच नाइट्स क्रॉस. म्हणून जनरलच्या गळ्यातला क्रॉस हा बहुतेक वेळा त्याच्या हाताखालच्या हजारो माणसांनी कमावलेला असतो. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही, त्या मेडलचा अर्थच तो आहे.

खिशावरचा क्रॉस १९१४ चा असणार. वडिलांकडे एका पारशी गृहस्थांनी त्यांच्या संग्रहातला असा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस रिबनसाठी आणला होता. मी तेव्हा शाळेत होतो, पण तो हातात घेतलेला चांगला आठवतो. मधला भाग चक्क लोखंडाचा, काळा रंग दिलेला, आणि भोवती चांदीची कड. लोहचुंबक लावला की चिकटतो. पुढे मुकुट, मध्ये ‘डब्ल्यू’ हे कैसर विल्हेल्मचं अक्षर, खाली १९१४. मागे ओकची पानं आणि १८१३, कारण हे पदक नेपोलियनविरुद्धच्या युद्धात प्रशियाने सुरू केलं. १९३९ ला हिटलरने मुकुट आणि अक्षर काढून तिथे स्वस्तिक बसवलं, मागचं १८१३ मात्र ठेवलं. ज्यांच्याकडे आधीच १९१४ चा क्रॉस होता त्यांनी दुसऱ्या महायुद्धात तोच पुन्हा कमावला तर नवा क्रॉस मिळत नसे. गरुड आणि १९३९ असं लिहिलेली चांदीची पट्टी मिळायची, ती जुन्या क्रॉसच्या वर लावायची. झेंगरचा फोटो मोठा करून पाहा, क्रॉसच्या वर गरुड दिसला तर तीच ती पट्टी.

आता माणूस. जन्म ४ सप्टेंबर १८९१, बाडेनमधल्या ऱ्हाइनकाठच्या वाल्ड्सहूट गावचा. घराणं कॅथलिक, आणि तो स्वतः बेनेडिक्टाइन पंथाशी गृहस्थ म्हणून जोडलेला. हे लक्षात ठेव, कॅसिनोला लागणार आहे, कारण तिथल्या डोंगरावरचा मठ याच पंथाचा, संत बेनेडिक्टने स्वतः स्थापलेला. १९१२ ला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला सेंट जॉन्स कॉलेजात गेला, १९१४ ला युद्ध लागलं आणि तोफखान्यात दाखल झाला. आयर्न क्रॉसचे दोन्ही वर्ग त्याच युद्धातले. १९१७ ला कांब्रेच्या लढाईत त्याचा धाकटा भाऊ, वैमानिक, मारला गेला. सामूहिक खड्ड्यात पुरलेल्या प्रेतांमधून झेंगरने त्याला शोधून काढलं. मग घोडदळ, १९३८ ला ग्योटिंगेनला घोडदळ रेजिमेंटचा प्रमुख. १९४० ला फ्रान्समध्ये एका वेगवान ब्रिगेडचं नेतृत्व. चेरबुर्गच्या दिशेने दौड चालली तेव्हा शेजारी रोमेलची ७ वी पान्झर डिव्हिजन होती. रोमेलचं नाव झालं, याचं झालं नाही. त्यानंतरची दोन वर्षं तुरीनमध्ये, फ्रान्स-इटली तहाच्या आयोगावर जर्मन प्रतिनिधी म्हणून गेली. इटालियन माणसं आणि इटालियन सेनाधिकारी त्याला कळले ते इथे.

नाइट्स क्रॉसची तारीख ८ फेब्रुवारी १९४३. हुद्दा जनरल-माजोर, १७ व्या पान्झर डिव्हिजनचा प्रमुख. कशाबद्दल? डिसेंबर १९४२ ला स्टालिनग्राडमध्ये जर्मन सहावं सैन्य वेढलं गेलं होतं. ते सोडवायला जर्मन जनरल होटच्या हाताखाली तीन पान्झर डिव्हिजन निघाल्या, त्यातली ही एक, आणि हिच्याकडे रणगाडे अगदीच थोडे उरलेले. मिश्कोवा नदीपर्यंत पोचले, शहर अजून पन्नासेक किलोमीटर होतं. तिथून पुढे जाता आलं नाही, आणि नाताळाच्या सुमाराला उलटा लोंढा आला. मग डॉनच्या मुलखातून मागे हटत, लढत, डिव्हिजन कशीबशी शाबूत ठेवायची. म्हणजे हा क्रॉस फसलेल्या मोहिमेतला आहे. सहाव्या सैन्याने २ फेब्रुवारीला शरणागती पुरी केली आणि सहा दिवसांनी हा क्रॉस दिला गेला. त्या महिन्यात जर्मनीला वीरांची किती गरज होती हे तारखेवरून कळतं.

ओकच्या पानांची तारीख ५ एप्रिल १९४४. हुद्दा जनरल, १४ वी पान्झर कोअर. कॅसिनो धरून ठेवल्याबद्दल. जानेवारीपासून तीन हल्ले त्याच्या कोअरने परतवले होते. पहिला अमेरिकनांचा, दुसरा फेब्रुवारीत न्यूझीलंड आणि आपल्या ४ थ्या इंडियन डिव्हिजनचा, तिसरा मार्चमध्ये पुन्हा त्यांचाच. मठाचं सांगायचं तर १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तांच्या विमानांनी तो जमीनदोस्त केला, तोवर आत जर्मन सैन्य नव्हतं. मोर्चे डोंगराच्या अंगावर होते, मठाच्या भिंतींच्या आत नव्हते. १९४३ च्या नाताळाला झेंगर तिथे प्रार्थनेला गेला होता, आणि मठाच्या खिडकीतून शत्रूचे मोर्चे पाहायचे नाहीत हेही त्याने पाळलं. बॉम्बहल्ल्यानंतर मात्र जर्मन छत्रीधारी सैनिक त्या ढिगाऱ्यात शिरले, आणि ढिगारा हा उभ्या इमारतीपेक्षा लढायला सोयीचा ठरला. राजपुताना रायफल्स आणि गुरख्यांनी त्या उतारावर जे सोसलं त्याचं मूळ इथे आहे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही पानं घ्यायला झेंगर एप्रिलमध्ये ओबरझाल्त्सबर्गला हिटलरकडे गेला, आणि तिथून पुढे प्रशिक्षणवर्ग, सुट्टी. ११ मे १९४४ च्या रात्री अकरा वाजता दोस्तांनी सगळ्या आघाडीवर एकदम तोफा सुरू केल्या तेव्हा तो जागेवर नव्हता. त्याच्या जागी हार्टमान नावाचा जनरल काम पाहत होता. दहाव्या सैन्याचा प्रमुख फीटिंगहोफ हाही नेमका तेव्हा पदक घ्यायलाच गेलेला. आणि गुस्ताफ रेषा, म्हणजे कॅसिनोवरून जाणारी जर्मनांची बचावाची रेषा, पहिल्यांदा फुटली ती झेंगरच्या कोअरच्या हिश्शात, आउरुंची डोंगरात. तिथून कुणी येणार नाही असं जर्मन धरून चालले होते आणि फ्रेंच जनरल ज्वँचे मोरोक्कन पहाडी सैनिक तिथूनच आले. तो हजर असता तर रेषा टिकली असती असं मी म्हणणार नाही, पण मेडलाची वेळ काय होती ते बघ.

आता ज्या गोष्टीला मेडल नाही ती. सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रं खाली ठेवली. झेंगर तेव्हा सार्डिनिया आणि कॉर्सिका बेटांवरून जर्मन फौज मुख्य भूमीवर काढत होता. हिटलरचा हुकूम आला की पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घाला. झेंगरने तो अमलात आणायला नकार दिला, आणि तसं वर कळवलं. वरिष्ठ होता केसेलरिंग, त्याने प्रकरण ताणलं नाही. अधिकारी वाचले. माझ्या मते याच्या उभ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम ते, आणि त्याच्या छातीवर कुठेही त्याची खूण नाही.

पणजोबांची पलटण कितवी, ते सांग. मग त्या प्रश्नाचं बोलतो.

नीलिमा_फ्रायबुर्ग

मी गेली बरीच वर्षं फ्रायबुर्गला राहते. झेंगर जानेवारी १९६३ मध्ये याच शहरात वारला, आणि जर्मन लष्कराचा दप्तरखानाही इथेच आहे. कामाच्या निमित्ताने मी त्या काळातली कागदपत्रं वाचते. रिबनवाला काकांनी लिहिलंय ते मन लावून लिहिलंय, कॉर्सिकाबद्दल तर माझा आक्षेपच नाही. पण ‘चांगला जर्मन’ या शब्दांपाशी मला थांबावंसं वाटतं.

ऋतुजा, ही प्रतिमा कुठून आली ते आधी बघ. १९६० ला त्याचं स्वतःचं आठवणींचं पुस्तक आलं, काही वर्षांनी इंग्रजीतही आलं. सुसंस्कृत, चित्रं आणि चर्चची वास्तुकला यांवर बोलणारा, पराभव होणार हे ओळखून असलेला जनरल. इंग्रज वाचकांना तो आवडला, कारण तो त्यांच्यासारखा बोलत होता. त्या वर्षांत पश्चिम जर्मनीत अनेक जनरल लिहीत होते आणि सगळ्यांचा सूर एकच होता: गुन्हे हिटलरचे आणि एसएसचे (नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचे), आम्ही फक्त सैनिक. ऑक्टोबर १९५० ला हिमेरोड मठात माजी अधिकाऱ्यांची गुप्त बैठक झाली, नवं जर्मन सैन्य उभं करण्यासाठी. झेंगर तिथे होता. त्या बैठकीच्या निवेदनात सैन्याच्या रचनेबरोबर काही अटीही होत्या. जर्मन सैनिकाच्या बदनामीला आळा घाला, आणि युद्धगुन्हेगार म्हणून कैदेत असलेल्यांचा प्रश्न सोडवा. पुढच्याच जानेवारीत अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरने जर्मन सैनिकाच्या सन्मानाचं वक्तव्य केलं. गोरगरीब इटालियन गावांमध्ये मेलेल्यांच्या नातेवाइकांना कुणी काही विचारलं नव्हतं.

इटालियन गावांचा उल्लेख मुद्दाम केला. ऑगस्ट १९४४ मध्ये आर्नो नदीच्या खालच्या अंगाची आघाडी झेंगरच्या कोअरकडे होती. २३ ऑगस्टला पादुले दी फुचेक्किओ या दलदलीच्या भागात २६ व्या पान्झर डिव्हिजनच्या तुकड्यांनी झोपड्याझोपड्यांतून फिरून पावणेदोनशेच्या आसपास माणसं मारली. आघाडीच्या मागे आसरा घेतलेली शेतकरी कुटुंबं होती ती, त्यात बायका, म्हातारे, तान्ही मुलं. हे एसएसने केलं नाही, नेहमीच्या सैन्याने केलं. डिव्हिजनचा प्रमुख क्राझमान. त्याला डिसेंबर १९४४ ला ओकची पानं मिळाली, म्हणजे या हत्याकांडानंतर चार महिन्यांनी. युद्ध संपल्यावर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली आणि तो १९५० ला कैदेत मेला. झेंगरवर खटला झाला नाही. त्याने हा हुकूम दिला असं मी म्हणत नाही. पण कोअर कमांडरच्या हद्दीत जे घडतं ते त्याच्या गोष्टीतून गाळता येत नाही.

आणि स्टालिनग्राड. ती मोहीम यशस्वी झाली असती तर काय वाचलं असतं? आक्रमण करून गेलेलं एक सैन्य, जे पुढेही त्याच आक्रमणासाठी लढलं असतं. झेंगरला नाझी राजवट आवडत नव्हती हे मला मान्य आहे. तो पक्षात नव्हता हेही खरं. तरी त्याने आपलं सगळं कौशल्य शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याच राजवटीला दिलं. कॅसिनोला आघाडी चार महिने टिकली, म्हणजे ती राजवट तेवढी लांबली. ज्यांना त्या काळात रेल्वेच्या डब्यांत कोंबून पूर्वेकडे नेलं जात होतं त्यांच्या बाजूने बघितलं तर ओकच्या पानांचा अर्थ फार वेगळा होतो.

ऋतुजा_वाई

नीलिमाताई, काका, दोघांचेही मनापासून आभार. पादुलेबद्दल मला काहीच माहिती नव्हती. वाचून झाल्यावर बराच वेळ दुसरं काही वाचावंसं वाटलं नाही.

डिस्चार्ज बुक आईने कपाटातून काढून दिलं. त्यावर १/५ मराठा लाइट इन्फंट्री असं आहे. मेडलांपैकी दोन चांदणीसारखी आहेत, पितळी रंगाची, सहा टोकांची, आणि एक गोल. एका चांदणीच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा असे पट्टे आहेत. फीत अगदी विरली आहे. मागच्या बाजूला काहीतरी खोदलेलं दिसतंय, पण मळामुळे वाचता येत नाही.

रिबनवाला_कॅम्प

आधी नीलिमाताईंना. तुम्ही लिहिलंत ते योग्य आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. मी तुमच्या बाजूने त्यात एक जोड देतो. कॉर्सिकाला जो हुकूम आला तसाच हुकूम त्याच सप्टेंबरात ग्रीसच्या केफालोनिया बेटावर गेला होता. तिथे इटलीची आक्वी डिव्हिजन होती. जर्मन कोअरचा प्रमुख हुबर्ट लान्त्स, पहाडी सैन्याचा. तिथे शरण आलेल्या इटालियन सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना हजारोंच्या संख्येने मारलं गेलं. लान्त्सला न्यूरेंबर्गला बारा वर्षांची शिक्षा झाली, १९५१ ला सुटला. आता मेडलं बघा. लान्त्सकडे नाइट्स क्रॉस आणि ओकची पानं. झेंगरकडे नाइट्स क्रॉस आणि ओकची पानं. तुमच्या क्राझमानकडे नाइट्स क्रॉस आणि ओकची पानं. माझ्या काउंटरवर कुणी ही तीन पदकं शेजारी शेजारी ठेवली तर मला सांगता येणार नाही, कुठलं कुणाचं. तीच चांदी, तोच काळा-पांढरा-लाल पट्टा.

म्हणूनच झेंगरच्या नकाराची किंमत मला जास्त वाटते. ‘हुकूम होता, काय करणार’ हे वाक्य लान्त्सच्या खटल्यातही वाजलं आणि नंतर शेकडो जणांनी म्हटलं. झेंगरने नाही म्हटलं आणि त्याला काहीही झालं नाही. उलट महिन्याभरात मोठी कोअर मिळाली, सहा महिन्यांत ओकची पानं. म्हणजे नाही म्हणता येत होतं. त्याच्यावर प्रेम करायला नको, पण बाकीच्यांना जाब विचारायला त्याचं उदाहरण लागतं. तुम्ही म्हणता तसं, जो माणूस सप्टेंबर १९४३ ला कॉर्सिकात नाही म्हणू शकला त्याच्याच हद्दीत पुढच्या ऑगस्टमध्ये पादुले घडलं, हा प्रश्न त्याच्या नावापुढे कायम राहणार.

अजून एक. आज जर्मनीत ही पदकं स्वस्तिकासकट लावता येत नाहीत. १९५७ च्या कायद्याने स्वस्तिक काढून त्या जागी ओकची तीन पानं घातलेली नवी आवृत्ती काढली, तीच लावायची. झेंगर गेला तोवर हा कायदा लागू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मेडलाचा इतिहास तोच ठेवायचा आणि फक्त चिन्ह बदलायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

आता ऋतुजा, तुझे पणजोबा. १/५ मराठा, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, ८ व्या इंडियन डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ ला तारांतोला उतरली आणि पहिला हिवाळा एड्रियाटिकच्या बाजूला लढली. सांग्रो नदी, पाऊस, चिखल. तिथे समोर झेंगर नव्हता, ७६ वी पान्झर कोअर होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅसिनोच्या डोंगरावर जी इंडियन डिव्हिजन चढली ती ४ थी, तिच्यात ही पलटण नव्हती.

मग आजी म्हणते ते ‘कॅशिनो’ खोटं का? अजिबात नाही. एप्रिलच्या सुमाराला ८ वी इंडियन डिव्हिजन गुपचूप डोंगर ओलांडून कॅसिनोसमोर आणली. ११ मेच्या रात्री तिने सांत आंजेलोपाशी गारी नदी ओलांडायला सुरुवात केली. पहिल्या लाटेत १७ वी आणि १९ वी ब्रिगेड होती, २१ वी मागे राखीव. दुसऱ्या दिवशी तिथल्याच पराक्रमाबद्दल ३/८ पंजाबच्या कमल रामला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, वय जेमतेम एकोणीस. पूल उभे राहिले आणि मागची ब्रिगेड लिरी खोऱ्यात शिरली. १८ मेला पोलिश सैनिकांनी मठाच्या ढिगाऱ्यावर झेंडा लावला. तेव्हा पणजोबा त्या डोंगराच्या पायथ्याच्या खोऱ्यात असणार.

आणि समोर कोण? इथे बऱ्याच लेखांत गल्लत असते. मेच्या आधी जर्मनांनी आघाडीची वाटणी बदलली होती. लिरी नदीपासून समुद्रापर्यंतचा भाग झेंगरच्या १४ व्या पान्झर कोअरकडे राहिला, कॅसिनो आणि लिरी खोरं ५१ व्या पहाडी कोअरकडे गेलं. तिचा प्रमुख फॉयरश्टाइन. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की पणजोबा कॅसिनोला होते, पण झेंगरच्या फौजेशी नव्हे, फॉयरश्टाइनच्या फौजेशी लढले. झेंगर तर त्या आठवड्यात इटलीतच नव्हता.

सुभेदार_माणगाव

राम राम. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. ऋतुजाताई, तुमच्या पणजोबांची पलटण म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या शिपाई नामदेव जाधवांची पलटण. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदी ओलांडताना त्यांच्याबरोबरच्या छोट्या तुकडीतले जवळपास सगळे पडले. जाधवांनी एका जखमी साथीदाराला खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून पाठीवर सुरक्षित नेलं, परत येऊन दुसऱ्यालाही नेलं. मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद केले आणि बांधावर उभं राहून ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ची ललकारी दिली. ते जिवंत परतले, नगर जिल्ह्यातले. तुमचे पणजोबा तोवर पलटणीत असतील तर तो दिवस त्यांनी पाहिलेला असणार.

माझ्या माणगाव तालुक्यातले पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ३/५ मधले, १० वी इंडियन डिव्हिजन. १० जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात, मोंतोनेजवळ. सेक्शनमध्ये ते सोडून एकही माणूस लढता राहिला नव्हता. एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, एकाला टॉमीगनने पाडलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीचा दस्ताच चालवला. मोर्चा घेतला आणि तिथेच शत्रूच्या गोळीने पडले. वय बावीस. त्यांचा देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. इकडे माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात पुतळा आहे, आणि २०२३ ला मोंतोनेच्या लोकांनीही त्यांचं स्मारक उभारलं.

काकांनी शौर्याची आणि नेतृत्वाची मेडलं वेगळी असतात असं सांगितलं, ते पटलं. जनरलची कारकीर्द वाचा, जरूर वाचा. पण ताई, तेवढ्याच आवडीने सेक्शन कमांडरचीही वाचा.

ऋतुजा_वाई

सुभेदारसाहेब, वाचते. आजीला फोनवर तुमचा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, ते ‘नदीच्या बांधावरची लढाई’ असं काहीतरी सांगायचे. नाव तिला आठवत नाही, पण आता शोधायला दिशा मिळाली. मेडलांवरचं नाव वाचायला ती चिंच लावून घासू का?

रिबनवाला_कॅम्प

नको! चिंच नको, लिंबू नको, ब्रासो तर अजिबात नको. ब्रिटनमध्ये या चांदण्या बिननावाच्या दिल्या गेल्या, हिंदुस्थानी सैनिकांच्या मेडलांवर मात्र बऱ्याचदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कोरीव काम उथळ असतं, घासलंस की पुसट होतं. मऊ ब्रश घे, कोमट पाणी, दोन थेंब साधा साबण. हलक्या हाताने धू आणि लगेच कोरडं कर. मग मेडल तिरपं धरून कडेने मोबाइलचा टॉर्च टाक, अक्षरं उठून दिसतील. धुताना रिबन काढून ठेव.

लाल-पांढरी-हिरवी फीत ती इटली स्टारची. दुसरी चांदणी १९३९-४५ स्टार, तिची फीत गडद निळी, लाल आणि फिकट निळी असते. गोल मेडल बहुधा वॉर मेडल, त्यावर सिंह आहे का बघ. नव्या फिती मी पाठवतो, पण जुनी विरलेली फीत टाकू नकोस. कागदात गुंडाळून मेडलाबरोबरच ठेव.

नंबर वाचता आला की तो डिस्चार्ज बुकातल्या नंबराशी ताडून बघ. मग बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिही, इंग्रजीत, नंबर, नाव, गाव, भरतीची तारीख असं सगळं घालून. पलटणीची युद्धकाळातली रोजनिशी लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघायला मिळते. त्यात ११ मे १९४४ पासूनची पानं आणि ९ एप्रिल १९४५ चं पान आधी मागव.